विटेच्या रंगाची अळी

लालबागच्या आमच्या चाळीत बोलवा अशी, की तिसऱ्या मजल्यावरच्या कालिंदी परुळेकर करणी करतात. बंद गिरणीतून माती आणतात, डब्यात जिवंत अळ्या पुरतात आणि त्या मेल्या की खूश होतात. चाळ कमिटीचे चिटणीस नाना गावकर हे सांगताना नाकातून हवा सोडत, "आपल्याला काय करायचंय म्हणा! पण अमावस्येलाच का आणतात माती?"

अमावस्या कसली, रविवारची सुट्टी होती. कालिंदीमावशी परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि किडींना मारणारे सूत्रकृमी शोधतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे जीव मातीत राहतात, अळीच्या अंगात शिरून तिला मारतात आणि तिच्यातच पिलावळ वाढवतात. पोफळीची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीवर ते सोडले तर विषारी औषध नको. फक्त आधी जात ओळखावी लागते. डब्यातल्या अळ्या म्हणजे त्यांना लावलेलं आमिष.

प्रयोगशाळा दुरुस्तीला काढलेली, म्हणून डबा घरच्या गॅलरीत. अडवणार कोण? त्यांची आई गेल्यापासून मावशींचा कुकरही एका भांड्याचा. म्हातारी होती तोवर लेकीसाठी गॅलरीतून मालवणी हाक यायची, "चेडवा, जेवलंस काय गो?" आणि खालची भाजीवालीच "होय" म्हणायची. आता मावशी डब्याशी बोलत.

एके दिवशी कॉलेजातून परतल्या तर डबा गायब.

"बाई, वास मारत होता," नाना म्हणाले. "कचऱ्याच्या गाडीत दिला. आभार नकोत हां."

"नाना, या अळ्या कुजत नाहीत हो!"

"आमच्या नाकाला विचारा ना!"

मावशी तशाच गिरणीकडे धावल्या. त्या जिथून आणत ती जांभळाखालची माती टॉवरच्या पायासाठी उपसून नेलेली, खड्ड्यात काँक्रीट पडत होतं. वॉचमन म्हणाला, "मिट्टी तो गया, मॅडम."

उरला एकच सूत्रकृमी. आदल्या दिवशी माती धुताना हाती लागलेला, काचेच्या बशीत थेंबभर पाण्यात. माझ्या आईने दिलेली उसळ घेऊन मी वर गेले, तर मावशी पर्स खांद्यालाच ठेवून त्या बशीसमोर बसलेल्या.

"अक्षते, यांची दोन घराणी. एकात नर-मादी दोघं अळीत शिरावे लागतात. दुसऱ्यात एकटाच पुरतो, तोच आई नि तोच बाप. या वयात दोन्ही सारखेच दिसतात. आता याला अळीवर सोडायचा. तपकिरी पडून मेली तर पहिलं घराणं, म्हणजे संपलं. विटेसारखी लाल झाली तर दुसरं."

"एकट्यानं काय होतंय, म्हणा!" मी नानांच्या नाकातून म्हटलं. मावशी हसल्या नाहीत.

"लाव पैज."

"लावली. हरले तर?"

"तर गॅलरीतून माझ्या आईची हाक मारायची. गणपतीत काढला होतास तिचा आवाज. मी जिन्यात उभी होते."

मावशींनी आमिषासाठी घरात वेगळी ठेवलेली शेवटची अळी ओल्या कागदावर ठेवली, तो थेंब तिच्यावर सोडला आणि झाकण लावलं. कॉलेजला निघताना बशीला सांगून जात, "येते हं." रात्री ताट वाढून घेत नि तिला विचारत, "जेवलास का रे?" अळी मेली. रंग मात्र मळकट. तपकिरीच म्हणा ना. मावशींनी न जेवताच ताटावर ताट झाकलं.

दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. अळी लाल होती. अगदी विटेसारखी.

पिल्लं बाहेर यायची वाट बघायची त्यांनी ठरवलं. जात सांगायची तर पुरावा हवा. पुढल्या आठवड्यात अळीभोवतीचं पाणी गढूळ झालं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर नुसती जत्रा.

मग मी गॅलरीत गेले. खाली नाना पेपर वाचत होते. पोटातून आवाज काढला, "चेडवा, जेवलंस काय गो?"

भाजीवाली मान वर न करताच म्हणाली, "होय."

 मग आतून भांड्याचा आवाज.

"नाय गे आये. जेवतंय आता."