मागचे तीन दिवे

माझ्या मावसदिरांइतका मायाळू, आणि तरीही दुसऱ्याच्या आनंदावर इतकं अचूक विरजण घालणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल. वॉटफर्डच्या एका हॉस्पिटलात ते पेशंटांना भूल द्यायचे, पण जीव अडकला होता साठ सालच्या अमेरिकन गाड्यांत. लहानपणी गिरगावात त्यांच्या समोरच्या शेटजींकडे एक इम्पाला होती. शाळेत जाताना भावजी तिला रोज प्रदक्षिणा घालत. आत बसायला काही कधी मिळालं नाही. तेव्हापासून त्यांनी जगातल्या यच्चयावत वस्तूंचे तीन वर्ग पाडले होते: बिस्केन, बेल एअर आणि इम्पाला. "सांगाडा एकच असतो, वहिनी," ते मला समजावत. "पत्रा तोच, चाकं तीच. फरक नुसता साजाचा. बिस्केन कामापुरती. बेल एअरला थोडा क्रोम, जरा बरं कापड. आणि इम्पाला म्हणजे शालू नेसून आलेली! ओळखायची मागून. दोन्ही बाजूंचे दिवे मोजायचे. दोन-दोन असले तर निघून यायचं, तीन-तीन असले तर नमस्कार करायचा." ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटलाही ते म्हणे हेच सांगत. दिव्यांपर्यंत पोचायच्या आत तो झोपलेला असे. त्यात इंजेक्शनाचं श्रेय किती, देव जाणे.

आम्ही पिनरला घर घेतलं तेव्हा ह्यांनी हौसेनं एक सेकंडहँड गाडीही घेतली, मागे झोकात 'जीएल', म्हणजे वरच्या दर्जाची, असं लिहिलेली. सत्यनारायणाला आलेले भावजी बूट काढायच्या आधी तिच्याभोवती फिरून आले. "बॅज जीएलचा आहे, पण आत घड्याळ कुठंय? दारांना कापड कुठंय? अरे, ही साधी एल आहे! बॅज कुणीतरी मागाहून चिकटवलाय. You've been had!" ह्यांच्या घशाखाली प्रसादाचा शिरा उतरेना. जाऊबाईंनी डोळे वटारले, तर म्हणतात कसे, "अगं, खरं तेच सांगितलं ना!" त्याच जाऊबाईंच्या पुरणपोळीवर भरल्या पंगतीत शेरा मिळाला, "पुरण इम्पाला, पोळी बिस्केन." त्या होळीनंतर त्यांच्या घरी बरेच दिवस टोस्टच होता म्हणे. पण माझी आई तिकडे पुण्यात गेली आणि मला वेळेत पोचता आलं नाही, तेव्हा हाच माणूस दिवसभर माझ्या किचनमध्ये एक अक्षर न बोलता चहा करत राहिला होता. चहा भयंकर होता. त्याचा वर्ग कोणता, हे मी विचारलं नाही.

स्वतःच्या लेकीला, रेवाला, ती फ्रॉकात असताना त्यांनी शब्द दिला होता, "तुझी पाठवणी इम्पालातून." मग काय, जाहिरात दिसली की ह्यांना गाडीत घालून निघालेच. एकदा कार्डिफपर्यंत गेले. भर पावसात, चांगल्या कोटासकट गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन मालकाला म्हणाले, "Lovely car, sir, but she is a Bel Air in Impala's clothes." मालकानं पुढे केलेला चहाचा कप परत आत नेला. असं किती ठिकाणी झालं! एकही गाडी त्यांच्या परीक्षेत पास होईना, आणि रेवाचं लग्न येऊन ठेपलं. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन बसले. "एकच शब्द दिला होता, वहिनी. तेवढाही पाळता आला नाही मला." त्यांचा एवढासा झालेला चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दारात हॉर्न वाजला. पांढरीशुभ्र, लांबलचक गाडी! रेवानं गुपचूप भाड्यानं आणली होती. "बाबा, तुमचा इम्पाला आला!" शालू सावरत, आपल्या विलायती मराठीत ओरडत ती धावत आली. "मी सगळं शोधला. Happy?" मी तेवढ्यात मागे जाऊन आले होते. इतकी वर्षं ऐकून मलाही खोड लागलेली. बॅज इम्पालाचा, आणि दिवे दोन-दोन. आता हा बाबा तोंड उघडणार, आणि मुलगी ऐन मांडवात रडणार!

भावजी पुढून आले. दारावरच्या क्रोमच्या पट्टीवरून बोट फिरवत गेले. पट्टी जिथं अपुरी संपत होती तिथं बोट थांबलं.

"बाबा, मागे जाऊन लाइट्स काउंट करा ना!"

"कशाला?" ते म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू बसशील ती इम्पालाच." आणि मागे गेलेच नाहीत. गाड्यांच्या बाबतीत जन्मात कुणाचं मन न राखणारा हा माणूस! मला भडभडून आलं.

संध्याकाळी पाठवणी झाली. गाडी हलली, तसा भावजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं काही दिसत नसे. कोपऱ्यावर गाडी थबकली, मागचे दिवे लाल झाले.

"दिवे लागले का हो, वहिनी?"

"लागले, भावजी."

"किती?"

"तीन-तीन," मी म्हटलं.

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि गाडी वळून गेल्यावरही कितीतरी वेळ हात हलवत राहिले.