ताईने जुना केलेला स्वेटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं ती ताई गेल्या हिवाळ्यात अकोल्याला वारली. ती गेल्यावर मी बरंच वाचून पाहिलं. पुस्तकात माझं मन गुंततं, असा माझा अनुभव. या वेळी नाही गुंतलं. म्हणून लिहिते आहे, जमेल तसं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. जठारपेठेत राहायची. तिला एक मुलगा झाला होता, तो महिन्याभरातच गेला. पुढे काही झालं नाही. ती त्याबद्दल बोलत नसे. आम्हीही नाही — आमच्या घरात न बोलण्यालाच समजूतदारपणा म्हणत.

मला दिवस गेले तेव्हा मी अमरावतीला होते, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. ताईने लगेच फिकट पिवळी लोकर आणली आणि स्वेटर विणायला घेतला. पण जन्मल्याबरोबर बाळाला कोरं काही घालत नाहीत. आधी जुनेर, कुणीतरी वापरलेलं, मऊ. ताईला तर आपलं विणकाम पहिल्याच दिवशी बाळाच्या अंगावर हवं होतं. मग तिने काय करावं? स्वेटर जुना केला. पुन्हा पुन्हा धुवायचा, सावलीत वाळवायचा, उशाशी घेऊन निजायचं. फोनवर सांगायची, "आता कोनी नवा म्हनून दाखवावं. पुरा जुनेर करून टाकला मी त्याले." आणि हसायची.

मुलगी झाली तेव्हा ती एसटीने आली. बाळाला घ्यायला हात पुढे केले नाहीत, लांबूनच पाहिलं. पिशवी मात्र माझ्या हातात दिली. "घालून पाह्य. बसते का सांग मले." आंघोळ झाली की घालते, म्हटलं मी.

घातला नाही.

जुनेर कुणाचं घ्यायचं, याचाही रिवाज आहे. ज्या घरात लेकरं धडधाकट वाढली, त्या घरचं मागून आणतात. स्वेटर कोरा असता तर मी तो कदाचित घातलाही असता, थोड्या दिवसांनी. पण ताईने तो जुना केला होता — म्हणजे तिच्या घरचा केला होता. जिथलं लेकरू राहिलं नाही, त्या घरचा. सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. कुणीच नाही. कुणी बोललं असतं तर किती बरं झालं असतं. दोष ठेवायला माणूस मिळालं असतं. पण भीती माझी होती. अंधश्रद्धेवरची पुस्तकं लोकांना काढून देणारी मी — माझीच.

ताईने फोनवर विचारलं, "टोचते काय तिले?" नाही गं, तोच घालून निजली आहे, म्हणाले मी. एकदा नाही, दर फोनला.

इथवरचं तुम्ही कदाचित समजून घ्याल. हा सोपा भाग आहे.

आमच्याकडे भांडी घासायला कमलबाई यायच्या. त्याच सुमारास त्यांच्या लेकीला मुलगा झाला. मी ती पिशवी त्यांना दिली. फेकवत नव्हती, त्यात ताईचे हात होते. घरात ठेववत नव्हती. पण काय समजून दिली? माझ्या लेकराला बाधेल असं जे मला वाटलं, ते मी त्यांच्या लेकराला दिलं. कमलबाईंनी स्वेटर गालाला लावून पाहिला. "मऊ आहे वं बाई. जुनाच बरा असते. आजच घालतो."

मग मी रोज विचारू लागले. बाळ कसं आहे? दूध पितं ना? अंग गरम नाही ना? आपल्या बाई किती जीव लावतात, असं त्या चार घरी सांगत. तो जीव लावणं नव्हतं. मी वाट पाहत होते — कशाची, ते लिहायला हात धजत नाही.

माझ्या मुलीच्या बारशाला ताई आली. कमलबाईही नातवाला घेऊन आल्या, तोच स्वेटर घालून. सगळ्यांना दाखवत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. ताईने हात पुढे केले आणि त्याला मांडीवर घेतलं. बाहीची दुमडलेली कड बोटाने सरळ केली. "बराबर बसला," म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर स्वेटरबद्दल कधी विचारलंही नाही. मी तरी कुठे सांगितलं? सांगायला वर्षं होती.

तिच्या दिवसांसाठी अकोल्याला गेले, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं पयला कपडा ताईच्याच हातचा घातला न? सांगे मले नेहमी." म्हणजे सगळं पाहूनही ती लोकांना हेच सांगत राहिली. आणि मी — मी मान हलवली, हो म्हणून.

कमलबाईंचा नातू आता परतवाड्याला दुकानात कामाला आहे. धडधाकट आहे. हे आधी सांगितलं असतं तर माझा अपराध लहान दिसला असता, म्हणून शेवटी सांगते. पिशवी देताना तो जगेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. तरी दिली.