संदर्भातल्या बाई

वच्छला ढोमणे खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्या आणि नागपूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्राच्या एम.ए.ला जाऊन बसल्या. सारा वर्ग त्यांना काकू म्हणायचा. मिनल मॅडमही एकदा शिकवताना चुकून म्हणून गेल्या.

इंग्रजी लेख काकूंना जड जायचे. मग त्या मोबाइलवरच्या एआयला मराठीत समजावून सांगायला लावायच्या आणि मूळ लेख पुन्हा वाचायच्या.

प्रकल्पात त्यांचा जोडीदार होता मोहित. विषय, कामठीच्या यंत्रमागांवरच्या बायका. कामठीला न जाताच मोहितने एआयकडून अख्खा अहवाल लिहून आणला. त्यात डॉ. हेमलता सुपारकर यांच्या पुस्तकाचा दाखला होता. काकूंनी ग्रंथालय पालथं घातलं, इंटरनेटवर शोधलं. पुस्तक नाही, बाईही नाहीत.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तर्री-पोहे खाता खाता काकू म्हणाल्या, "मोहित, हेमलताबाई सापडल्या गा! आपलं प्रेझेंटेशन ऐकाले येऊन राहिल्या."

मोहितचा चमचा हवेतच राहिला. "काकू, त्या... त्या तं वारल्या ना!"

"अरेरे! कवा?"

"मागच्या साली."

"मंग सुरुवातीले श्रद्धांजली ठेवू. तूच बोल दोन शब्द. तुले त्यायची माहिती दिसते."

मोहितने चमचा खाली ठेवला. "काकू, बाई जन्मल्याच नाही. एआयनं दिलं, मी पाहिलंच नाही."

"जन्मल्याच नाही तं मारलं काहून बिचारीले?"

मोहित आधी कानापर्यंत लाल झाला, मग त्यालाच हसू फुटलं. शनिवारी दोघं शेअर ऑटोने कामठीला गेले. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या कौसल्याबाईंशी कारखान्यात बोलले, मोबाइलवर रेकॉर्ड केलं. घरी येऊन एआयला ते उतरवायला दिलं, तर मागांच्या खडखडाटात त्याला काहीच धड ऐकू आलं नव्हतं. तरीही त्याने चार ठसठशीत वाक्यं लिहून दिली. त्यातल्या एका वाक्यात कौसल्याबाई चक्क विमानतळावर नोकरीला होत्या.

"याचीबी कमाल हाये," काकू म्हणाल्या. "ऐकू न येता बोलते!"

पुढच्या शनिवारी ते पुन्हा गेले. या वेळी कौसल्याबाईंच्या अंगणात बसले, चहा झाला, सुनेच्या तक्रारीही ऐकल्या. उतरवलेला प्रत्येक शब्द मोहितने रेकॉर्डिंगशी ताडून पाहिला. अहवालाच्या शेवटी एआयची मदत कुठे घेतली आणि काय तपासलं, तेही त्याने लिहिलं.

तोंडी परीक्षेत मिनल मॅडमनी एका वाक्यावर बोट ठेवलं. "'माग बंद पडला का मले झोप येत नाही.' हे कोणाचं? यंत्राचं?"

"नाही मॅडम, कौसल्याबाईंचं. मी समोर होतो."

गुण बरे पडले. मोहित मात्र आता दाखले तपासायला चटावला. काकूंच्या पुढच्याच निबंधात त्याला चुकीचा पृष्ठक्रमांक सापडला आणि त्याने तो साऱ्या कँटीनला ओरडून सांगितला.

"हळू बोल ना गा," म्हणत काकूंनी पेन काढलं.