पुसलेली ओळ

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं, की आता प्रोग्रामच्या प्रिंट चालणार नाहीत, सगळं 'गिट' या ऑनलाइन नोंदवहीवर जमा करायचं. प्रोग्राममध्ये बदल केला की 'कमिट' करायचं, म्हणजे त्या बदलाची नोंद कायमची राहते. 'कायमची' हा शब्द मी वहीत लिहिला आणि विसरले.

मी देऊळगाव राजाची, मास्तरांची मुलगी, त्यामुळे घरी कॉम्प्युटर. माझी मैत्रीण बीबी गावाहून एसटीनं अप-डाऊन करायची. ती अख्खा प्रोग्राम बसमध्ये पेननं वहीत लिहायची आणि लॅबमध्ये मशीन रिकामं मिळालं की टाइप करायची. डोकं तिचं आणि कॉम्प्युटर माझा, असा देवाचा न्याय. एकदा माझं गाडं पार अडलं तेव्हा तिनं वही पुढं केली. "घे, यात पाहून लिही." मी घरी बसून सगळं उतरवलं. वर प्रामाणिकपणाचा झटका आला म्हणून एक ओळ टाकली: 'हा प्रोग्राम मैत्रिणीच्या वहीतून घेतला.' कमिट केलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "उतरवलेलं सापडलं तर शून्य. टर्म ग्रँट होणार नाही, परीक्षेला बसता येणार नाही."

माझी पाचावर धारण बसली. अर्धं गाव बाबांच्या हाताखाली शिकलेलं. त्यांच्या मुलीनं कॉपी केली, ही बातमी माझ्या आधी घरी पोहोचली असती. मी घरी पळत आले, ती ओळ पुसली, पुन्हा कमिट केलं. मग जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. ओळ तिथंच होती, शिवाय मी ती किती वाजता पुसली तेही. त्यानंतर आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. फोन वाजला की बाबांच्या आधी मीच धावायचे.

तोंडी परीक्षेला सरांनी उभं केलं ते मात्र तिला. "तुम्हा दोघींचा प्रोग्राम अक्षरन् अक्षर सारखा. हिनं दोन दिवस आधी जमा केलाय. म्हणजे तू उतरवलास."

वही तिच्या पिशवीतच होती, पण तिनं पिशवीला हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. बोलले तर शून्य मला, गप्प बसले तर तिला. सरांनी तिच्या रोल नंबरपुढं पेन टेकवलं. शून्य पूर्ण झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

"सर," मी म्हणाले, "माझ्या जुन्या नोंदी बघा. मी एक ओळ पुसलीय."

सरांनी कॉम्प्युटरवर माझ्या जुन्या नोंदी उघडल्या आणि ती ओळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. तिचं शून्य खोडून माझ्या रोल नंबरपुढं मांडलं.

संध्याकाळी स्टँडवर तिच्या बसची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो. बाबांना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते. बस लांबून दिसली तशी ती म्हणाली, "मी तं तुहं नाव घेणारच नव्हती व. पण सरानं शून्य मांडेपर्यंत काऊन थांबली तू?"

भीती वाटत होती, एवढंच उत्तर होतं. ते न देता मी तिची पिशवी उचलली आणि बसमध्ये जागा धरायला पुढं झाले.