श्यांग मावशींच्या डब्यातली माती

मुलींच्या सात नंबरच्या वसतिगृहाच्या दारात बसणाऱ्या श्यांग मावशींचं पोट तेवीस वर्षं बिघडलेलं होतं. दक्षिणेतलं गाव सोडून उत्तरेत जिनानला आल्या, त्या दिवसापासून. आलं उकळून झालं, कडू काढे झाले, डॉक्टरांनी नळी घालूनही पाहिलं. काही सापडलं नाही. "इथलं पाणी मला मानवत नाही," एवढंच मावशी म्हणत, आणि पुन्हा किल्ल्या मोजायला लागत.

पाणी न मानवण्यावरचा उपाय त्यांना चांगला ठाऊक होता. परमुलखात जाताना घरची माती न्यायची, चिमूटभर उकळत्या पाण्यात टाकायची, गाळ खाली बसला की वरचं पाणी प्यायचं. दर सप्टेंबरात नव्या मुली आल्या की त्यांच्या बॅगांमधून अशा पुरचुंड्या निघत. कुणाची लाल फडक्यात शिवलेली, कुणाची वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कुणाची चक्क खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. पोरी शिकलेल्या. "आमची आजी म्हणजे ना!" असं म्हणून खो खो हसत आणि पुरचुंडी टोपलीत टाकून देत.

मावशींना ते बघवत नसे. कचरा बाहेर नेण्याआधी त्या पुरचुंड्या वेचून काढत, पेन्सिलीने खोलीचा नंबर आणि मुलखाचं नाव घालत आणि बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवून देत. गान्सूची पिवळी, ईशान्येकडची काळीभोर, दक्षिणेच्या टोकाची विटकरी. सगळा चीन त्यांच्या टेबलाखाली होता.

मेच्या शेवटी छिन पेईलान नावाची पोर दारात येऊन उभी राहिली. मावशी आणि ती एकाच नदीकाठच्या, बोलीही तीच, त्यामुळे मावशींचा तिच्यावर जरा जास्तच जीव होता. आज तिचे डोळे सुजलेले होते.

"मावशी, सप्टेंबरात मी एक पुरचुंडी टाकली होती. लाल. आता कुठे मिळणार म्हणा..."

"खोली?"

"चारशे बारा."

मावशींनी डबा ओढला, चष्मा लावला, तळाशी हात घातला. "ही बघ. टाका उसवूनही बघितला नाहीस, कारटे!"

पेईलानने पुरचुंडी छातीशी धरली आणि तिथेच फतकल मारून रडायला लागली. आठ दिवसांपूर्वी आजी गेली होती. "तिने स्वतः शिवली होती, मावशी. दिसत नव्हतं तरी. आणि मी तिला हसले."

मावशींनी तिला रडू दिलं. नाक पुसून झाल्यावर तिने डब्यात डोकावून विचारलं, "यात तुमची कुठली?"

"माझी नाही."

"आणायची विसरलात?"

"बोटीत चढायची घाई. भांडी घेतली, कोंबड्या घेतल्या, नवऱ्याचा फोटो घेतला. माती घ्यायचं कुणाला सुचतं? सुचलं तोवर गावावरून धरणाचं पाणी फिरलं होतं. शीपानगौ आता नकाशातसुद्धा नाही." मावशींनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "जा आता, तोंड धू."

डब्याची बातमी तासाभरात चारही मजल्यांवर पसरली. आधी दोघीतिघी फणकारल्या, "मावशी आमचा कचरा उपसतात?" मग त्याच दोघीतिघी सर्वांत आधी आपली पुरचुंडी शोधायला आल्या, आणि बघून पुन्हा डब्यातच ठेवून गेल्या.

जूनमध्ये विद्यापीठात परदेशी पाहुण्यांसाठी 'गावोगावचं अंगण' नावाची संध्याकाळ होती. प्रत्येक मुलखाचं एक टेबल, तिथलं खाणं, तिथली बोली. सगळी सूत्रं लू हाइयानच्या हातात. ती इथलीच, जिनानची, आवाज खणखणीत. "मधल्या टेबलावर तुमचा डबा ठेवणार आहे मी. आणि तुम्हीही यायचं. तुमचं टेबल कुठलं?"

"माझं टेबल हे." मावशींनी समोरच्या टेबलावर थाप मारली. "जिथं गावच नाही, तिथलं टेबल कसलं मांडतेस?"

पण हाइयानपुढे कुणाचं चालतं? त्या संध्याकाळी तिने मावशींना दंडाला धरूनच नेलं. मांडवात नुसता कल्लोळ होता. सोयाबीनचं मऊ पनीर गोड खायचं की खारं, यावर उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोरी हमरीतुमरीवर आल्या होत्या. वेनजौच्या मुलीने तिच्या बोलीत चार वाक्यं म्हटली, तर बाकीच्या चिनी मुलींचे चेहरे पाहुण्यांइतकेच कोरे. हाइयान जिनानची खासियत म्हणून सगळ्यांच्या हातात कच्चे पातीचे कांदे कोंबत होती. मावशी पोट धरून हसल्या.

मग नकाशापाशी जाऊन एकेकीने आपलं गाव सांगायची वेळ आली. मावशींचं हसू मावळलं. किल्ल्यांचं निमित्त करून त्या उठल्या, तोच पेईलान आडवी आली. हातात लाल फडक्याची पुरचुंडी, टाके वेडेवाकडे.

"ही मी शिवलीय. माती बाबांनी पाठवलीय."

"कसली?"

"शीपानगौची. बाबा धरणात बोट चालवतात ना? पाणी उन्हाळ्यात उतरतं, मावशी. खालचं गाव दिसत नाही, पण वरची संत्र्यांची शेतं उघडी पडतात. बाबा उतरले तिथं."

मावशींना राग आला. "म्हातारीची थट्टा करतेस? कुठलीही माती उचलायची आणि..."

पेईलानने फोन पुढे केला. फोटोत गुरांना पाणी पाजायची, चिखलाने माखलेली एक दगडी कुंडी होती, डावा कोपरा तुटलेली.

मावशींनी चष्मा लावून फोन डोळ्यांजवळ नेला. "हा कोपरा सासऱ्यांनी फोडला," त्या हळूच म्हणाल्या. "दारू पिऊन. आणि आळ घेतला माझ्या बैलावर." त्यांनी टाका उसवला. जांभळट माती. त्यांनी ती हुंगली, चिमटीत घेऊन चोळून पाहिली. तेवीस वर्षांत एकदाही जाऊन बघितलं नाही, पाण्यात काय बघायचं म्हणून. आणि पोरीच्या बापाने, ओळख ना पाळख, चिखलात उतरून ती आणली होती.

"गरम पाणी द्या गं कुणीतरी," त्या म्हणाल्या.

सात-आठ थर्मास एकदम पुढे आले. मावशींनी कपात चिमूटभर माती टाकली. भांडणारं टेबलसुद्धा भांडण टाकून जवळ आलं. गाळ बसेपर्यंत सगळ्या थांबल्या, मग मावशी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.

"बाबांना सांग," त्या पेईलानला म्हणाल्या, "त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुझेही."

"आता पोट बरं होईल?" हाइयानने विचारलं.

"गप गं, कांदेवाली! पेन्सिल आण आधी."

उरलेली माती त्यांनी नीट बांधली आणि वर लिहिलं : खोली – दारातली. गाव – शीपानगौ. मग ती पुरचुंडी डब्यात, गान्सू आणि वेनजौच्या मधोमध, स्वतःच्या हाताने ठेवली.