छ्या अंकल आणि तिरकी रेघ

आज माझ्या व्हिसावर 'मॉडेल मेकर' लिहिलेलं आहे ते छ्या अंकलमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस मला छळायलाच जन्मला होता.

वसईचे इनास अंकल. दुबईतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बिल्डरांसाठी टॉवरची छोटी मॉडेल्स बनतात. अंकलसमोर काहीही ठेवा, चष्मा कपाळावर सारून ते बघायचे आणि म्हणायचे, "छ्या!" चाळीस मजली टॉवर? छ्या. दुबईच्या देरा भागातल्या आमच्या खोलीत मी केलेली आमटी? "छ्या! ही आमटी की भांडी विसळलेलं पाणी?" असं म्हणून दोनदा वाढून घ्यायचे.

मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. मी नववीत शाळा सोडलेला, म्हणून माझं नावच 'नववी'. "ए नववी, ग्लू लावतोयस की श्रीखंड फासतोयस?"

माझा व्हिसा हेल्परचा, तोही संपत आलेला. मॅनेजरनं सांगूनच टाकलं होतं, "हेल्पर बहुत हो गये. इस बार रिन्यू नहीं, खलास." महाडला आईला काय सांगायचं, याची वाक्यं मी रोज मनात जुळवत होतो.

त्यातच अबुधाबीच्या अल रीम आयलंडवरच्या एका मराठी साहेबांची ऑर्डर आली. इंग्लंडात पूर्वी कोळसा वाहणाऱ्या रेल्वे वॅगनचं वीतभर मॉडेल, निवृत्त होणाऱ्या इंग्रज बॉसला भेट द्यायला. साहेबांना स्वतःला कोळसा ठाऊक तो बार्बेक्यूपुरता. टॉवरवाल्या कारागिरांनी नाकं मुरडली. अंकल मात्र गल्फला येण्याआधी मुंबईत रेल्वेचे मालडबे दुरुस्त करायचे. त्यांनी ड्रॉइंग माझ्यापुढे टाकलं. "कर. बिघडवशीलच, पण कर."

सात आडव्या फळ्या, एका टोकाला दार, आणि दोन्ही बाजूंवर एकेक तिरकी पांढरी रेघ. मी स्टेन्सिल कापलं, दोन्हीकडे तेच ठेवून रेघ मारली. साहेब न्यायला आले, "ब्यूटिफुल!" म्हणाले. मॅनेजर म्हणाला, "यल्ला, जल्दी पॅक करो."

अंकलनी डबा खोक्यातून बाहेर काढला. "छ्या! हा जाणार नाही."

मी पॅकिंगची टेप खाली ठेवली.

"रेघ जिकडे वर चढते, तिकडे दार असतं," अंकल म्हणाले. "ते बघूनच कोळसा ओतायला डबा कुठल्या टोकानं कलंडवायचा ते कामगाराला कळायचं. ही बाजू बरोबर. त्या बाजूची रेघ दाराच्या उलट्या टोकाला चढलीय."

एका बाजूला स्टेन्सिल उलटं करून ठेवायला हवं होतं. इतकी साधी गोष्ट.

"अहो, एवढं कोण बघतंय?" साहेब हसले.

"ज्याला देताय तो बघेल. आणि त्यालाही कळणार नसेल, तर त्यापेक्षा खजूर द्या."

साहेबांचं हसू गेलं. मॅनेजर माझ्यावर उखडला, "देखा? नौवीं वाले को काम दिया!"

"काम मी दिलं," अंकल म्हणाले. "आता तो तुमच्यासमोर दुरुस्त करेल. जमलं तर व्हिसाच्या कागदावर हेल्पर लिहायचं नाही. नाही जमलं तर मीच त्याला एअरपोर्टवर सोडतो."

मी ब्लेडनं चुकीची रेघ खरवडायला घेतली. खालच्या फळ्यांना ओरखडा न काढता ती गेली. स्टेन्सिल उलटं ठेवलं, नवी मारली. अंकलनी ब्रशला बोटसुद्धा लावलं नाही. साहेबांनी डबा दोन्हीकडून फिरवून पाहिला, आणि आता कसा पाहायचा ते कळल्यामुळे जरा जास्तच वेळ पाहिला. मॅनेजरनं महिन्याभरानं माझे कागद बदलले, तेही अंकल रोज त्याच्या केबिनच्या दारात जाऊन "छ्या!" म्हणायचे म्हणून.

गेल्या वर्षी अंकल कायमचे वसईला गेले. जाताना माझं टेबल पाहिलं आणि 'छ्या'सुद्धा म्हणाले नाहीत. ते मला अजून खुपतं.

एक वॅगन मी सुट्टीच्या दिवशी करतोय, कुणाच्या ऑर्डरची नाही. ती हँडबॅगेतून वसईला नेणार, अंकलच्या हातात ठेवणार. त्यांनी ती दोन्हीकडून फिरवावी, चष्मा कपाळावर सारावा आणि शोधत बसावं. अंकल, तुम्हाला एकसुद्धा छ्या सापडू देणार नाही. हा माझा शब्द.