नालोंगोच्या कढईतले नाकतोडे

मसाका शहरातल्या टेकडीवरल्या बावीस पोरांच्या अनाथघरात नालोंगो स्वयंपाक करायची. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. हा मान तिला बत्तीस वर्षांपूर्वी मिळाला आणि तेव्हापासून तिनं तो कुणाला विसरू दिला नाही. खरं नाव बहुधा तिलाही आठवत नसावं. बाजारात कुणाची बायको रुसून माहेरी गेली, हे त्या नवऱ्याच्या आधी हिला कळायचं.

पहाटे चूल पेटवायची, पेज शिजवायची, मग पोरांचे तळवे मांडीवर घेऊन आत शिरलेले किडे सुईनं काढायचे. पंप बिघडला की पिवळे डबे घेऊन पोरांची वरात झऱ्यावर. आणि तो आठवड्यातून दोनदा बिघडायचाच. जेवायला रोज मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि राजमा. पोरांची तक्रार एकच.

"नालोंगो, अळंबी कधी करणार?"

"मी मेल्यावर! तेराव्याला पोटभर खा."

तिच्या कुळाचं देवकच अळंबी. अळंबीला तिनं जन्मात हात लावला नव्हता.

चार महिन्यांपूर्वी टॅक्सीतळावर पाच-सहा वर्षांची एक पोर सापडली. कुठल्या गाडीतून उतरली, कुणालाच ठाऊक नाही. तोंडातून अक्षर काढीना, म्हणून तिचं नाव ठेवलं पीस, इंग्रजीतली शांतता. वजनालाही पीसच. बालकल्याणचे ब्यारुहांगासाहेब तीनदा येऊन गेले. "बापाचं नाव? आडनाव? गाव?" पोर नुसती त्यांच्या टायकडे बघायची. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, की नातेवाईक सापडत नाहीत तेव्हा शुक्रवारी हिला उत्तरेच्या मोठ्या संस्थेत न्यायचं.

"तिकडं हिची भाषा कोण बोलतं?" नालोंगोनं विचारलं.

"इथं तरी ती कुठं बोलतेय, बाई?" साहेब म्हणाले. यावर नालोंगोनं त्यांच्या पुढ्यातला चहा उचलून नेला.

मंगळवारी बाजारातून नाकतोड्यांचं पोतं आलं. हंगामातलं पहिलं! पोरं अंगणात गोल करून बसली आणि पंख-पाय खुडू लागली. पीस मात्र दोन्ही हात पाठीमागे घेऊन भिंतीला चिकटली.

"राणीसाहेबांचे हात मळतात वाटतं!" एक पोरगी ओरडली.

नालोंगोनं कांदा घालून नाकतोडे खमंग परतले. वासानं शेजारचा शिंपी मशीन सोडून ताटली घेऊन आला. पीसपुढची वाटी तशीच. आता नालोंगोचे नाकतोडे नाकारणारा माणूस मसाकात जन्मला नव्हता.

"का गं? मीठ कमी पडलं? मोठ्या हॉटेलातून आचारी बोलावू?" तिनं एक नाकतोडा उचलून पोरीच्या तोंडाशी नेला.

पीसनं ओठ असे घट्ट मिटले, की नालोंगोचा हात जागीच थांबला. हे मिटलेले ओठ तिच्या ओळखीचे होते. ती स्वतः एवढीच असताना शेजारणीनं तिला अळंबी भरवायचा प्रयत्न केला होता, तेव्हाचे.

ती खाली बसली. हळूच म्हणाली, "मी अळंबीची. अळंबी खात नाही. आणि तू गं?"

पोरीनं पाठीमागचे हात पुढं घेतले. "आपण आपल्याला खायचं नसतं," ती म्हणाली.

चार महिन्यांतलं पहिलं वाक्य! नालोंगोनं कढई चुलीवरच सोडली. उरलेले नाकतोडे करपले, आणि शिंपी अजून ते दुःख सांगतो.

नाकतोड्याच्या कुळातला म्हातारा म्हणजे सायकली दुरुस्त करणारा जज्जा, म्हणजे आजोबा, गेरेवाझी. नालोंगो पोरीला पाठीशी बांधून त्याच्या दुकानात थडकली.

"हिला विचार, कुणाची ते!"

"असं विचारतात का कधी?" म्हातारा हात पुसत म्हणाला. "वय झालं तुझं, पण रीत आली नाही." मग तो पोरीसमोर ताठ बसला आणि आधी स्वतःची ओळख सांगू लागला. मी गेरेवाझी, अमक्याचा, तो तमक्याचा, असं करत पणज्यापर्यंत गेला आणि थांबला. आता पाळी पोरीची.

पोर गुडघ्यांवर बसली आणि पाढे म्हणावेत तसं एका दमात म्हणाली, "मी नाकिगोझी, मुगालुलाची. मुगालुला किगोझीचा. किगोझी क्यानाम्बा टेकडीचा. आमचं कूळ नाकतोड्याचं."

"साहेबांनी तीनदा विचारलं की गं तुला!" नालोंगो किंचाळली.

"त्यांनी आपलं आधी सांगितलंच नाही," पोर म्हणाली.

बुधवारी नालोंगोनं रेडिओवाल्यांकडे पैसे भरले आणि मयतांच्या बातम्यांनंतर हरवलेली पोर म्हणून तिचं नाव, कूळ वाचलं गेलं. गुरुवार कोरडाच गेला, कुणी आलं नाही. नालोंगोनं राजम्यात दोनदा मीठ घातलं, पण विचारायची कुणाची छाती झाली नाही.

शुक्रवारी साहेबांची गाडी आली. पोरीचं गाठोडं बांधून झालं होतं. नालोंगो दारातच आडवी बसली. "आधी पाय चोळून घेते. मग उठेन." ते पाय ती तासभर चोळत होती.

तेवढ्यात मोटारसायकलीवरून एक बाई उतरली. पोरीची आत्या. बाप तळ्यातल्या बेटावर मासेमारीला, म्हणून आत्या पोरीला आपल्या घरी नेत होती. कंपाला शहरातल्या गर्दीत पोर भलत्याच गाडीत चढली, आणि आत्या चार महिने तेच शहर पालथं घालत राहिली.

"कागदपत्रं?" साहेबांनी विचारलं.

आत्यानं पिशवीतून बापाची चिठ्ठी आणि गावच्या चेअरमनचं पत्र काढलं. ते द्यायच्या आधीच तिनं पोरीकडे बघून सुरुवात केली, "मी मुगालुलाची बहीण, किगोझीची लेक..." "...किगोझी क्यानाम्बा टेकडीचा!" आतून पोर ओरडली आणि नालोंगोच्या अंगावरून उडी मारून बाहेर पळाली. साहेबांनी शिक्का काढला. मग जरा अवघडून स्वतःच्या बापाचं आणि आज्याचं नाव सांगितलं. त्यावर पोर त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

आत्यानं नालोंगोपुढे गुडघे टेकले आणि मोठी टोपली ठेवली. "एवढंच आणता आलं, नालोंगो."

टोपलीभर सुकवलेली अळंबी. पोरांनी आरोळी ठोकली. नालोंगोनं ओठ घट्ट मिटून घेतले, आणि नाकिगोझी ते बघून पोट धरधरून हसली.

अळंबी शेवटी ब्यारुहांगासाहेबांनी शिजवली, टाय खांद्यावर टाकून. नालोंगो बाहेर बसून सूचना देत होती. नाक तेवढं पदरानं दाबलेलं होतं.